उघडच आहे

पिवळी चिठ्ठी, तिच्यावर पेन्सिलीने एकच अक्षर – ‘का?’ – आणि चिठ्ठीचा सुटलेला कोपरा पंख्याच्या वाऱ्यावर हलत होता, म्हणून तिने तो बोटाने दाबला. आणि बोट तिथेच राहिलं, कारण खाली तिचंच वाक्य होतं, बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या प्रबंधात टाइप केलेलं : हे उघडच आहे.

उघड! हे म्हणणाऱ्याकडे एक तर सिद्धता असते, नाही तर घाई...

बीजगणितातलं वलय : त्याच्या पोटात एक थर, त्या थराच्या पोटात आणखी लहान थर, असे न संपणारे. प्रत्येक थरातला आतला थर शून्य मानायचा, उरेल तो तुकडा. सगळे तुकडे ओळीने मांडले की झालं श्रेणीबद्ध वलय. तुकड्यांवर काम सोपं, म्हणून तुकड्यांवरून मूळ वलयाबद्दल बोलायचं – या प्रमेयावर तिचं नाव झालं होतं. अट एकच : शून्याखेरीज काहीही सगळ्याच थरांत असता कामा नये. असलं, तर ते दर वेळी आतल्या थराबरोबर शून्य होतं आणि कुठल्याच तुकड्यात उमटत नाही. तसं काही नाही, हे उघडच होतं. आज सकाळी चहा निवत असताना तिला नेमकं तसं एक सापडलं, शून्य नसून सगळ्या थरांत असलेलं.

“बावीस वर्षं कुणाला दुखलं नाही ना?” नवरा सकाळी बुटाची नाडी बांधत म्हणाला होता. “मग कशाला उकरतेस? झाकली मूठ सव्वा लाखाची.” आणि हा दातांचा डॉक्टर!

पण चिठ्ठी लावणारी तिची विद्यार्थिनी सोमवारी प्रबंध देणार होती. विभागात त्या मुलीला सगळे शंकेखोर म्हणायचे. चार वर्षांचं काम, आणि तिसरं प्रकरण सबंध या वाक्यावर उभं. सांगितलं तर तिची दोन वर्षं जातील, आणि माझं नाव. नाही सांगितलं तर... कोण विचारतंय? तीच विचारतेय.

तेव्हा मी थांबले होते. आत्ता आठवतंय – बोटं कळांवर, मग उठून पाणी प्यायले, आणि येऊन ते वाक्य टाइप केलं. म्हणजे ठाऊक होतं. नंतर कुठल्या वर्षी टोचलं? नोकरी लागली तेव्हा नाही, मुलगी झाली तेव्हा नाही, सत्काराच्या वर्षी तर मुळीच नाही. एकेक वर्ष धुतल्या तांदळासारखं. तरी कुणी तो प्रबंध हातात घेतला की मी विषय बदलायचे, दर वेळी.

दार वाजलं.

“मॅडम, माझा प्रश्न फार बावळट आहे का?”

“नाही गं. बस.”

विद्यार्थिनी बसली, वही उघडून वाट पाहू लागली. मला वाटलं होतं, हिची भीती वाटेल. वाटला तो हेवा : मी जिथे पाणी प्यायला उठले, तिथे ही नुसती थांबली आणि विचारून मोकळी झाली. मग तोही ओसरला. अट मोडली – पण प्रमेय? ते तरीही खरं असेल का? कोण काय म्हणेल हे नाही, फक्त एवढंच, बावीस वर्षांत पहिल्यांदा, तिला जाणून घ्यावंसं वाटत होतं.