मधुराआत्याची झोप

"आत्या, विमान चालवता चालवता तुला कधी झोप लागली आहे का?"

खरं तर हा प्रश्न वैदेहीचा नव्हताच. तो मैत्रेयीचा होता, आणि मैत्रेयीच्या मागे अकरावीतल्या यच्चयावत मुली होत्या. "तेरी बुआ पायलट है ना, तो पूछ के दिखा," असं दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटच्या तासाला ठरलं होतं. वैदेही आता पैजेला मागे हटणाऱ्यांतली राहिली नव्हती. वादविवाद स्पर्धेत तिने बारावीच्या एका मुलाला सगळ्या शाळेसमोर निरुत्तर केलं होतं, आणि तेव्हापासून आपण बोललो की लोक ऐकतात, हा शोध तिला भलताच आवडला होता. साक्षीदार म्हणून मैत्रेयी गच्चीवर येऊन बसली होती आणि तिला मागून चिमटे काढत होती.

मधुराआत्या उन्हाकडे तोंड करून बसली होती. परवाच ती सॅन फ्रान्सिस्कोहून दिल्लीला उतरली होती आणि काल भाऊबिजेसाठी दुर्गाघाटावर, हिंदी मुलखातल्या आपल्या मराठी माहेरी आली होती. रात्रभर ती टक्क जागी होती, कारण तिच्या अंगाला अजून तो दिवसच वाटत होता.

"लागली आहे ना," आत्या म्हणाली. "गेल्याच आठवड्यात. चांगली गाढ."

मैत्रेयीचा चिमटा जागच्या जागी थांबला.

"लांबच्या फ्लाइटला आम्ही चौघं पायलट असतो. दोघं चालवतात, दोघं मागे बिछान्यावर झोपतात. मग अदलाबदल. झोपेची पाळी असताना नाही झोपलं, तर ती चूक."

"मतलब सोने की सैलरी मिलती है," मैत्रेयी म्हणाली.

"मिळते. आणि ती कमवावी लागते. विमान चालवायला शिकायला मला दोन वर्षं लागली, झोपायला शिकायला दहा."

मग आत्या सांगत बसली. आई लोणच्याबद्दल बोलते त्या सुरात ती झोपेबद्दल बोलत होती. परक्या गावच्या हॉटेलात शिरलं की आधी पडदे बघायचे. पडद्यांमध्ये फट असतेच, म्हणून पँट टांगायचे चिमट्यांचे हँगर घ्यायचे आणि दोन्ही पडदे मधोमध चापून टाकायचे. दाराखालच्या फटीला टॉवेलची गुंडाळी. फोन बंद. कॉफी उठल्यावर प्यायची, झोपेच्या आधीच्या अर्ध्या दिवसात नाही. एका दिवसात परतायचं असेल तर घड्याळ दिल्लीचंच ठेवायचं, तिथल्या उजेडाच्या नादी लागायचं नाही. जास्त मुक्काम असेल तर सकाळी उठून उन्हात पायी हिंडायचं, म्हणजे अंगाला कळतं आपण कुठे आहोत.

"पहिल्या वर्षी मी पण शहरं बघायला धावायचे," ती म्हणाली. "सगळं बघितलं. परत येताना डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायचं. आता एखाद्या शहरातलं काय बघितलंस विचारलं तर मी सांगते, तिथले पडदे चांगले आहेत."

मैत्रेयी हसत हसत खाली पळाली. हे सगळं ग्रुपवर टाकायला तिची बोटं शिवशिवत होती. वैदेही मात्र उठली नाही.

"आत्या, एक विचारू? हे माझं आहे, पैजेचं नाही."

"विचार."

"डोळे उघडे असताना झोप लागू शकते?"

आत्याने उन्हावरून नजर काढून तिच्याकडे बघितलं. "कुठे लागली?"

वैदेहीने सांगून टाकलं. दुर्गाकुंडचा पहाटेचा क्लास. रात्री शाळेचा अभ्यास, अंधारात उठणं, मग बॅटरीची स्कूटी. सुट्टीच्या आदल्या आठवड्यात मैदागिनच्या चौकात एकदम समोर सांड होता. कुठून आला ते तिला कळलं नाही, कारण त्याच्या आधीचा रस्ताच तिला आठवत नव्हता. स्कूटी त्याच्या पोटाला जरा घासून थांबली. सांडाने मान वळवून बघितलं आणि तो पुढे गेला.

"घरी सांगितलंस?"

"कसं सांगू? बाबांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय, आमची पोरगी कोंबड्याच्या आधी उठते म्हणून."

"क्लास कधी सुरू होतोय?"

"परवा."

"मग त्याच्या आत तू सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन. आणि तोवर स्कूटीला हात लावायचा नाही." आत्या रागावली नव्हती. पण विमानातल्या माणसांशी ती याच आवाजात बोलत असेल, असं वैदेहीला वाटलं.

दुपारी ओवाळणं झालं. बाबा अमृतराव घाटावरची एका यजमानाची पूजा आटोपून घाईघाईने आले, पाटावर बसले, आणि बहिणीने ओवाळताना नेहमीसारखे डोळे मिटून घेतले. जेवायला बासुंदी होती. आत्याने वाटीभरच घेतली, त्यावरून आई रुसली. "मधुराताई, माहेरी येऊन कोणी असं पाखरासारखं खातं का?"

"वहिनी, डबा भरून दे, टोरांटोत खाईन. आता पोट जड झालं तर झोप हलकी होते."

बेत असा होता की आत्या दुपारभर झोपेल, संध्याकाळी उशिराच्या विमानाने दिल्लीला जाईल आणि तिथून पहाटे टोरांटोचं विमान घेऊन निघेल. मागच्या खोलीची तयारी वैदेहीने जातीने केली. खिडकीवर आईचं जाड सोलापुरी पांघरूण, त्याला आत्याच्या बॅगेतले हँगरचे चिमटे, दाराखाली टॉवेल. आत हात न दिसण्याइतका अंधार झाला. मग दाराबाहेर भिंतीला टेकून ती पहाऱ्याला बसली.

पहिल्या हल्ल्याला शेजारच्या प्रेमलाकाकू आल्या, ताटलीत चकल्या घेऊन.

"कुठेय आमची पायलटीण?"

"झोपलीये, काकू. हळू बोला."

"दिवसाढवळ्या? बरं नाही का तिला?"

"ड्यूटीवर आहे."

"झोपेची ड्यूटी?"

"हो. पगारी."

काकूंनी ताटली खाली ठेवली आणि कमरेवर हात घेतले. "आमचे हे तीस वर्षं फुकटात करतायत. त्यांना सांगते अर्ज करायला." पण जाताना त्या चपला हातात घेऊन जिना उतरल्या, हे वैदेहीने बघितलं.

त्यानंतर माकडं आली. समोरच्या पत्र्यावर त्यांनी असा धिंगाणा घातला की वैदेहीने काकूंच्या अर्ध्या चकल्या लाच म्हणून लांब गच्चीवर फेकल्या. मग घाटाकडून भोंगा सुरू झाला. त्याला लाच चालण्यासारखी नव्हती. आत पलंग करकरला, कूस बदलल्याचा आवाज आला. वैदेही मनातल्या मनात भोंगेवाल्याशी भांडली. बऱ्याच वेळाने तो थांबला आणि आतून संथ श्वास ऐकू येऊ लागला. झोपली, ती मनाशी म्हणाली. आता कोणी येऊ दे, मी आहे.

भिंत गार होती. डोकं टेकायला बरी वाटत होती.

ती जागी झाली ती उजेडाने. दार सताड उघडं होतं, पांघरूण खिडकीवरून सोडलेलं होतं, आणि आई हातात समई घेऊन खोलीच्या मधोमध उभी होती. या घरात तिन्हीसांजेला कोणी निजायचं नाही, कुठली खोली अंधारी ठेवायची नाही. दिवाळीत तर नाहीच नाही, लक्ष्मी अंधाऱ्या दारावरून परत जाते. आई दारात झोपलेल्या मुलीला ओलांडून, हलकेच, प्रेमाने, नणंदेला उठवायला आली होती.

"उठा हं मधुराताई, दिवेलागण झाली. चहा ठेवलाय."

आत्या पलंगाच्या कडेवर बसली होती. चेहरा सुजल्यासारखा. "किती वाजले?" तिने विचारलं, वैदेहीने सांगितलं, आणि मिनिटभराने तिने तेच परत विचारलं. मग तिने तोंड धुतलं, चहा न घेता फोन उचलला, ऑफिसचा मेसेज वाचला, पुन्हा वाचला, आणि खिडकीशी जाऊन नंबर लावला.

तिचं बोलणं अगदी थोडं होतं. आपण उद्याच्या उड्डाणाला फिट नाही. नाही, आजारी नाही, थकवा आहे. दुसऱ्या पायलटला आत्ता बोलावलं तर वेळ आहे, म्हणून आत्ताच सांगते आहे. तिने आभार मानले आणि फोन ठेवला.

बाबा उंबऱ्यात उभे होते. त्यांच्या हातात आत्याची बॅग होती, ती ते खाली न्यायला आले होते.

"हे काय केलंस तू?"

"विमान सोडलं, दादा."

"झोप झाली नाही म्हणून? अगं, एका रात्रीचा प्रश्न. कडक चहा घे, तोंडावर पाणी मार. मी तापात रुद्र म्हटलाय, माहितेय ना तुला? अंगात एकशे तीन ताप, आणि एक स्वर इकडचा तिकडे नाही."

"माहितेय. मीच तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते."

"मग?"

"दादा, तुझा स्वर चुकला तर तू ती ऋचा परत म्हणतोस. देव थांबतो. माझ्या पाठीमागे तीनशे माणसं बसलेली असतात. मला परत म्हणता येत नाही."

बाबांनी बॅग खाली ठेवली. आईचा चेहरा पडला होता. "म्हणजे मी उठवलं म्हणून…"

"नाही गं वहिनी. तू दिवा लावलास, त्यात काय चुकलं? चुकला माझा हिशेब. मी काल रात्री दिल्लीत असायला हवी होते. भाऊबीज म्हणून मोह झाला. वाटलं, घरच्यासारखी झोप कुठे लागणार." ती हसली. "तीस देशांत झोपते मी, वहिनी. झोपेला सगळ्यात अवघड जागा म्हणजे माहेर."

"नोकरीला काही बाध येईल का?" बाबांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

"विचारतील. मी सांगेन. बोलायला लाज वाटते, दरवेळी वाटते. पण सांगितल्यावर झोप फार छान लागते." आणि खरोखरच ती बोलता बोलता आडवी झाली.

बाबांनी स्वतः पांघरूण उचललं आणि खिडकीवर धरलं. चिमटे कसे लावायचे ते त्यांना जमेना, तेव्हा वैदेहीने लावून दिले. आईने समई उचलून बाहेर आणली. दार ओढून तिघं स्वयंपाकघरात आली.

आईने चहा गाळला. आत्याच्या वाटचा कप उरला, तो कोणी घेईना.

"काय पण एकेक नोकऱ्या," बाबा म्हणाले. त्यात राग नव्हता. उलट उद्या घाटावर हे कसं सांगायचं याची ते मनात जुळवणी करत असावेत, कारण ओठ हलत होते. मग त्यांची नजर वैदेहीवर गेली आणि चेहरा उजळला. "आमच्या वैदेहीचं बघ, गीता. थंडी असो, धुकं असो, अजून एकदाही पहाटेचा क्लास चुकवला नाही हिने. हिला थकवा कसला तो ठाऊक नाही."

शाळेच्या स्टेजवर बोलणं वैदेहीला इतकं अवघड गेलं नव्हतं. तिथे समोर बारावीतला मुलगा होता. इथे समोर बाबा होते, आणि ते तिच्याकडे कौतुकाने बघत होते. आज दुपारी तिला एक साधी खोली राखायची होती, तीही तिला जागं राहून राखता आली नव्हती.

तिने खिशातून स्कूटीची चावी काढली आणि बाबांच्या कपाजवळ ठेवली.

"बाबा, मैदागिनला स्कूटी चालवता चालवता मी झोपले होते. सांड होता म्हणून वाचले, भिंत असती तर नसते वाचले."

बाबा चावीकडे बघत होते.

"परवापासून पहाटेच्या क्लासला मी जाणार नाही. संध्याकाळची बॅच घेईन, आणि ती नाही मिळाली तर घरी अभ्यास करेन. तुम्हाला गल्लीत काय सांगायचं ते सांगा, नाहीतर मी सांगते, मला चालेल. आणि रागवायचं असेल तर सकाळी रागवा. आता मी आत्याच्या शेजारी झोपायला चाललेय."