एमाच्या शहरातली रिमझिम

उषाने कूलरचं बटण बंद केलं, खिडकीवर पडदा ओढला आणि हेडफोन कानांवर चढवला. कूलर जुना होता. त्याचा पंखा एकदम थांबत नसे. घरघर मंदावत, अडखळत, नाखुशीनेच तो गप्प होई. तो पुरता गप्प होण्याच्या आतच संगणकाच्या पडद्यावर यानचा चेहरा उमटला.

"जेवलीस का?" उषाने विचारलं.

"जेवले. तुम्ही?"

"माझंही झालं."

संभाषण अर्थातच इंग्रजीत चाललं होतं. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' यांना एकच शब्द पुरतो. यानच्या तोंडून मात्र तो नेहमी 'तुम्ही' असाच ऐकू येई.

"तुमच्याकडे हवा कशी आहे आज?"

उषाने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे लंडनची वेळ दाखवणारं घड्याळ होतं आणि त्याखाली रोज सकाळी बदलली जाणारी, तिथलं हवामान सांगणारी चिठ्ठी.

"रिमझिम आहे. सकाळपासून थांबलेलीच नाही."

बाहेर मे महिन्यातलं जळगाव भट्टीसारखं तापलं होतं. बंद खोलीत उषाच्या मानेवरून घामाची एक धार हळूहळू पाठीत उतरत होती. यानला यातलं काही दिसण्याची सोय नव्हती. तिच्या पडद्यावर सोनेरी केसांच्या, तिशीतल्या एका बाईचं हसतं छायाचित्र होतं. त्या बाईचं नाव एमा. एमाला एक कुत्रा होता, समुद्रकाठी राहणारी एक मावशी होती आणि चहात बिस्किट बुडवून खाण्याची सवय होती. नव्हतं ते फक्त अस्तित्व.

दाणाबाजारात केवलचंद शेठजींची डाळीची पेढी होती. तिच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या मुलाने, संयमने, ही शिकवणी थाटली होती. चीनमधली एक एजन्सी विद्यार्थी पुरवत असे, संयम शिक्षक पुरवत असे, आणि शिक्षकांना लागणारी जन्मभूमीही तोच पुरवत असे. उषा धना पावरा, इंग्रजीची एम.ए., विद्यापीठात पहिली, ही अशा रीतीने रोज दुपारी जिना चढून इंग्रज होत असे आणि संध्याकाळी जिना उतरून पुन्हा सातपुड्याच्या पायथ्याची. या प्रवासाला पारपत्र लागत नसे. कूलर बंद केला की पुरे.

यान चीनच्या नैर्ऋत्येकडच्या एका डोंगराळ गावातली. तालुक्याच्या शाळेत शिकवणारी. इंग्रजीच्या सर्वांत वरच्या पातळीची परीक्षा तिला येत्या शनिवारी द्यायची होती. तिचं वाचन, लेखन उत्तम होतं. ऐकण्यातही ती कमी पडत नव्हती. घोडं अडे ते बोलण्याच्या शेवटच्या भागात. तिथे दोन परीक्षार्थींना समोरासमोर बसवून एक प्रश्न दिला जाई आणि त्यांनी एकमेकांचं म्हणणं खोडून काढत चर्चा करावी अशी अपेक्षा असे. गेल्या खेपेला यान इथेच अडकली. परदेशातल्या विद्यापीठाने तिची जागा एका वर्षापुरती राखून ठेवली होती. आणखी एक वर्ष ते थांबणार नव्हतं.

"मुलांना शाळेत मोबाइल द्यावा, असं मी म्हणते," उषा म्हणाली. "तू खोडून काढ."

यानने क्षणभर विचार केला. "तुमचं बरोबर आहे. मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते..."

"यान, खोडून काढायचं होतं."

"हो." यान ओशाळली. "तुमचं तेही बरोबर आहे."

उषाला हसू आलं आणि ते तिने एमाच्या आवाजात हसून घेतलं. तिला रागावताही येईना. त्यांच्या पाड्यावर आजही वडिलांचं, आबांचं, बोलणं संपल्याशिवाय तिच्या तोंडून शब्द फुटत नसे, आणि संपल्यावर जो फुटे तो बहुधा होकारच असे. पुस्तकं वाचून तिला विरोधाचे सगळे वाक्प्रयोग पाठ झाले होते. वापरायला मिळाले होते फार थोडे.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली लोटननानांनी तिला अहिराणीत हटकलं. पिंपळनेरहून येऊन नाना इथे चहाची टपरी चालवत होते, आणि वरच्या मजल्यावर काय शिजतं हे त्यांना वरच्यांपेक्षा आधी कळे.

"काय वं माय, आज बी इलायतमा का?"

"जानंच पडस ना, नाना."

"तठे पानी पडी ऱ्हायनं का?"

"रोज पडस."

"मंग येवाना टाईमले एक हंडा भरी लई ये. आठे नळले परवापाईन पानी नई शे."

पेढीत केवलचंद शेठजी गादीवर बसले होते. समोरून जाणाऱ्याला, मग तो हमाल असो, गिऱ्हाईक असो की विक्रीकराचा माणूस, ते एकच प्रश्न विचारत. सूर्यास्तानंतर स्वतः अन्नाला शिवत नसल्यामुळे दिवस असेतो जगातला प्रत्येक जण जेवलेला असावा, अशी त्यांची तळमळ असे.

"बेटा, जेवण झालं?"

"झालं, शेठजी."

वर संयम तिची वाटच पाहत होता. त्याच्या खोलीत एसी होता. त्याला कुठल्याच देशात जन्मल्याचं सोंग करावं लागत नव्हतं.

"बस. कॉलिनचा रिपोर्ट आलाय."

कॉलिन गोव्यात राहणारा एक इंग्रज होता. आयुष्यभर त्याने मोटारींचे विमे विकले होते. निवृत्त झाल्यावर आपण इंग्रजी भाषेचे तज्ज्ञ आहोत हे त्याच्या ध्यानात आलं, आणि ध्यानात आणून देणारी माणसं त्याला इथे मुबलक भेटली. संयमच्या विद्यार्थ्यांच्या सराव-मुलाखती तो घेत असे. चर्चेसाठीचे प्रश्नही त्यानेच तयार केले होते.

"तुझ्या यानने मुलाखत सुरू व्हायच्या आत त्याला काय विचारलं माहितीये? जेवलात का! कॉलिन लिहितो, असलं काही कुठलीही इंग्रज बाई शिकवणार नाही."

"मी शिकवलेलं नाही. तिच्या गावात विचारतात. आपल्याकडेही विचारतात. आत्ता खाली तुमच्या वडिलांनीच..."

"पप्पांना मध्ये आणू नकोस. पप्पा डाळ विकतात. मी इंग्लंड विकतोय."

या वाक्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. ते अक्षरशः खरं होतं.

"आणि दुसरं," संयम पुढे वाचू लागला, "ती विरोध करत नाही. दोन्ही टिपिकल आशियाई सवयी, म्हणतो."

"मग कॉलिनसाहेबांनीच तिच्या सवयी मोडाव्यात."

"ते शिकवत नाहीत. ते तपासतात." संयमने लॅपटॉप मिटला. "हे बघ, एजन्सीवाले रेकॉर्डिंग ऐकतात. त्यांना शंका आली तर सगळं दुकान बंद. आजचा तास मी पलीकडे बसून स्वतः ऐकणार आहे. जेवणखाण पुन्हा निघालं तर उद्यापासून यान जिनलकडे, आणि तू..."

त्याने वाक्य सोडून दिलं. सभ्य माणसं अशी वाक्यं ऐकणाऱ्याकडूनच पूर्ण करून घेतात.

जिनल ही त्याची चुलतबहीण. ती कार्डावरचा प्रश्न मोठ्याने वाचे आणि उत्तर येईपर्यंत फोन पाहत बसे. परीक्षा तोंडावर आली असताना तिच्या हाती दिलं, तर यानचं काय होईल हे उषाला सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

ती आपल्या खोलीत आली आणि खुर्चीवर ताठ बसली. संताप तिला नवा नव्हता. तो नीट घडी घालून ठेवायची तिला सवय होती. महाविद्यालयात ती वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. कायम जागेच्या मुलाखतीत तिच्या विषयावर एकही प्रश्न निघाला नाही. समितीतल्या एका सद्गृहस्थांनी तेवढं हसून विचारलं, "तुमच्यात अजून तिरकमठा चालवतात का हो?" बाकीचेही हसले. उषानेही, देवाशपथ, हसून दाखवलं होतं. त्या हसण्याची आठवण झाली की आजही तिचे कान तापत. तिथे ती इंग्रजी शिकवण्याइतकी मोठ्या घरची नव्हती. इथे ती शिकवू शकत होती, फक्त उषा म्हणून चालत नव्हतं.

चार वाजले. दोन खोल्यांमधल्या काचेपलीकडे संयमने हेडफोन लावला. उषाने कूलर बंद केला. घरघर मंदावू लागली आणि यानचा चेहरा आला.

उषाने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. यानने थोडी वाट पाहिली. पंखा अडखळून थांबला.

"जेवलात का?" शेवटी यानने विचारलं.

"यान, परीक्षेत हा प्रश्न विचारायचा नाही. परीक्षकांना तो आवडत नाही."

"कळलं." यानने मान डोलावली. "त्यांना भूक लागत नसावी."

काचेपलीकडे संयमची मान वर झाली. उषाने घाईने गठ्ठ्यातलं वरचं कार्ड उचललं. कॉलिनच्या कार्डावर लिहिलं होतं : 'भाषेचा उत्तम शिक्षक तोच, जो त्या भाषेच्या देशात जन्मला. चर्चा करा.'

तिने ते दोनदा वाचलं. खाली ठेवून दुसरं घेता आलं असतं. तिने घेतलं नाही.

"मी या मताच्या बाजूने बोलते," ती म्हणाली. "तू ऐक."

आणि ती बोलू लागली. भाषा पुस्तकातून येत नाही, दुधातून येते, असं म्हणाली. उच्चाराला माती लागते. उसन्या मातीत रोप तगतं, झाड होत नाही. परक्या माणसाला व्याकरण साधेल, विनोद साधणार नाही. जन्मभर तिला जे जे ऐकवलं गेलं होतं ते सगळं तिने एमाच्या निर्दोष उच्चारांत, एकावर एक रचत नेलं. एकाही युक्तिवादाला तिने फट ठेवली नाही. कॉलिनला स्वतःच्या जन्माची इतकी समर्थ वकिली कधी जमली नसती. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता आणि ती तो पुसत नव्हती.

"म्हणून विद्यार्थ्याने," ती समारोपाला आली, "आधी शिक्षकाची जन्मभूमी तपासावी आणि मगच..."

"नाही," यान म्हणाली.

उषाचं वाक्य जागच्या जागी थांबलं. चार महिन्यांत यानने तिचं बोलणं कधी मध्येच तोडलं नव्हतं. यानलाही त्याचा धक्का बसला असावा. ती खुर्चीत सरसावून बसली होती आणि तिचे कान लाल झाले होते.

"माफ करा, मी तुम्हाला थांबवते आहे. पण मला हे पटत नाही. मुळीच पटत नाही. माझ्या आधीच्या शिक्षिका त्या देशात जन्मल्या होत्या. मी चुकले की त्या टिचकी वाजवायच्या. मी बोलणंच कमी केलं." तिने श्वास घेतला. "एक उदाहरण देते. माझी एक शिक्षिका आहे. दर तासाआधी ती एक मोठा पंखा बंद करते. तो लगेच थांबत नाही. थांबायच्या आतच ती मला विचारते, जेवलीस का. माझी आई असंच विचारते, दारात पाऊल पडायच्या आत. मग मी शिक्षिकेला हवा विचारते आणि ती सांगते, रिमझिम आहे."

काचेवर संयमच्या बोटांचा टकटक आवाज झाला. उषाने तिकडे पाहिलं नाही.

"ते ती का सांगते, हे मला माहीत नाही. तिला सांगावं लागत असेल. म्हणून मी रोज आठवणीने विचारते, म्हणजे तिला अडचण नको." यान थांबली. "परीक्षेत समोरच्याला प्रश्न विचारलेला चालतो का?"

"चालतो," उषा म्हणाली. "विचारावाच."

"मग विचारते. तुम्हाला गरम होत नाही का?"

खोलीत काहीही हलत नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ लंडनची भर दुपार जवळ आल्याचं सांगत होतं.

उषा उठली आणि तिने कूलरचं बटण दाबलं. पंख्याने एक आचका दिला, मग घरघरत वेग घेतला. कार्डांचा गठ्ठा टेबलभर पसरला. भिंतीवरची हवामानाची चिठ्ठी फडफडली, एका कोपऱ्यावर लोंबकळली आणि खाली गेली. ओल्या वाळ्याचा वास खोलीत भरला.

"होतं," ती म्हणाली. हे वाक्य तिने एमाच्या आवाजात उच्चारलं नाही. "फार होतं."

ती पुन्हा खुर्चीवर येऊन बसली, पदराने चेहरा पुसला आणि हेडफोन नीट केला.

"विरोध चांगला होता. पण एका उदाहरणावर थांबायचं नाही, यान. समोरचा म्हणेल, हा अपवाद आहे. दुसरा मुद्दा हवा."

"आहे," यान म्हणाली.

"मग मांड. जोरात बोल, इथे पंखा चालू आहे."

दारावर संयमची थाप पडली. मग आणखी एक, जोराची. यानला ती ऐकू गेली नसावी. ती आवाज चढवून दुसरा मुद्दा मांडत होती.