कुंडीच्या तळाचं पाणी

बायको ओक्का हवापालटासाठी बोटीने बोर्कुम बेटाकडे निघाली, हात हलवून झाले, आणि रेम्ट घरी येऊन जोडेही न काढता तडक माडीवर गेला. गांजाची तीन झाडं आता एकवीस दिवस त्याच्या हवाली होती. ओक्का घरात असताना त्या तंबूत त्याला मान घालायचीही परवानगी नव्हती, त्यामुळे तो दोन दोन पायऱ्या एकदम चढत होता. वय वर्षं एकाहत्तर, पण उत्साह असा की कुणाच्या फडताळातला डबा उघडायला निघालाय.

मुलीच्या जुन्या खोलीत कपाटाएवढा काळा कापडी तंबू उभा होता. चेन उघडली की आतून लख्ख उजेड आणि लिंबाच्या सालीचा नि ओल्या लोकरीचा एकत्र वास यायचा. तिन्ही झाडं कमरेएवढी, शेंड्यांवर चिकट, केसाळ तुरे धरलेले. प्रत्येक कुंडीखाली पाण्याचं एक भांडं, भांड्यातून वर मातीत गेलेली जाड कापडी वात, आणि कोपऱ्यात उंचावर एक निळं पिंप. भांड्यातलं पाणी कमी झालं की झडप आपोआप उघडायची, पिंपातलं पाणी नळीने खाली यायचं आणि वातीतून माती आपलं आपण पिऊन घ्यायची. पिंपावर ओक्काने कागद चिकटवला होता: "सोमवारी पिंप भर. वरून पाणी घालू नकोस. बाकी कशालाही हात लावू नकोस." शेवटच्या वाक्याखाली तीन रेघा होत्या.

हे सगळं हौसेखातर नव्हतं. ओक्काने सदतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं, समोरून वारा असो की गारा, कधी कुरकुर केली नाही. पण गेल्या वर्षी तिला नागीण झाली. नागीण गेली आणि बरगड्यांखालची आग मागे राहिली. तेव्हापासून बाई सलग दोन तास झोपलेली नव्हती. डॉक्टरांनी जालीम गोळ्या दिल्या. त्यांच्या गुंगीत ती जिन्यावरून पडली, मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी तिने गोळ्या कचऱ्यात टाकल्या. "आता माझं औषध मी लावणार," म्हणाली. तिकडच्या कायद्याने माणशी तीन झाडं घरात लावायची मुभा दिलीच होती. आता कापणीला महिनाच उरला होता. झाडं बिघडली असती तर पुन्हा बी, पुन्हा चार महिने, म्हणजे अख्खा हिवाळा बिनझोपेचा.

रेम्टने वाकून कुंडीखालचं भांडं पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. आत चार बोटं पाणी साचलेलं होतं.

आता हे समजून घ्यायला हवं की रेम्ट कोण होता. समुद्राकाठच्या पंपघरात त्याने अडतीस वर्षं नोकरी केली होती. त्या मुलखात जमीन समुद्राहून खाली. पंप दोन दिवस बंद राहिले तर गाई पोहायला लागतील. पाणी साचलं की काढायचं, चर तुंबला की मोकळा करायचा, हे तिथे पोरं बोलण्याआधी शिकतात. अशा माणसाच्या घरात, मुळांच्या बरोबर खाली, डबकं! त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहाला आयलर्ट आला. पंपघरातला त्याचा जोडीदार, शेजारच्या गल्लीत राहणारा, जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेला. रेम्टने त्याला वर नेलं.

"हे काय?" आयलर्ट गुडघ्यांवर बसत म्हणाला.

"पाणी."

"साचलेलं?"

"साचलेलं."

"आणि वर मुळं?"

"वर मुळं."

आयलर्टने टोपी काढली. "ही असली कुंडी बनवली कुणी?"

"बव्हेरियातून मागवलीय तिनं."

"मग बरोबर! त्या डोंगरातल्या लोकांना काय कळतंय पाण्यातलं? त्यांचं पाणी आपणहून उतारावरून पळतं. अरे, आठ दिवसांत कुजतील ही!"

"कागदावर लिहिलंय, हात लावू नकोस."

"मग हात नको लावू. ड्रिल लाव."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. पण काय सांगू, काम मात्र देखणं केलं त्यांनी. प्रत्येक भांड्याला तळाशी एक भोक, भोकाला रबरी नळी, तिन्ही नळ्या एका बादलीत. नळ्यांना उतार असा दिला होता की पंपघराच्या साहेबाने पाहून पाठ थोपटली असती. पिंपातलं पाणी विनाकारण वाहू नये म्हणून त्याची तोटीही बंद केली. पाणी खळखळ बादलीत पडलं तेव्हा दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की गाव बुडता बुडता वाचवलंय. मग खाली येऊन तिथल्या रिवाजाप्रमाणे तीन तीन कप चहा प्यायले. आधी खडीसाखर, मग कडेने साय, आणि ढवळायचं नाही. चमचा कपात ठेवला की बस झाला, नाहीतर यजमान ओततच राहतो.

संध्याकाळी ओक्काचा फोन आला.

"कशा आहेत पोरी?"

"मस्त."

"पिंप किती उतरलं?"

रेम्टने खरं तेच सांगितलं. "अजिबात नाही."

"अजिबात नाही? काल तर वीतभर उतरलं होतं."

"हवा थंड आहे ना."

"रेम्ट, तू हात लावलायस का कशाला?"

"अगं, हात कशाला लावू!" हेही तांत्रिकदृष्ट्या खरंच होतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने चेन उघडली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पानं खाली लोंबत होती. मधलं झाड, सगळ्यात दांडगं, मान टाकून उभं होतं. आयलर्ट धावत आला, अर्ध्या दाढीला साबण तसाच.

"सांगितलं होतं ना, कुजतायत! जास्त पाण्यानं झाडं अशीच मान टाकतात. आमच्या बटाट्यांचं झालं होतं. आत अजून पाणी असणार."

"मग?"

"आणखी एकेक भोक."

आणखी एकेक भोक पाडलं गेलं. बादलीत थेंबही आला नाही. तरी अक्कल आली नाही, कारण थेंब आला नाही म्हणजे आपलं काम चोख, असा दोघांनी अर्थ काढला. धरण उशाला नि कोरड घशाला. शेजारी चाळीस लिटरचं पिंप भरलेलं, आणि झाडं तहानेने मरत होती.

दुपारपर्यंत मधल्या झाडाची खालची पानं कुरकुरीत झाली. झाडापेक्षा जास्त रेम्टला ओक्का दिसत होती, ओट्याला टेकून, बरगड्यांवर हात दाबून उभी. ती कधी तक्रार करत नसे, आणि त्याचाच त्याला त्रास व्हायचा. निदान प्रखर उजेडातून तरी झाड बाजूला घ्यावं म्हणून त्याने कुंडी दोन्ही हातांनी धरली आणि जोर लावून उचलली.

कुंडी छताला लागता लागता राहिली. कागदाच्या पिशवीसारखी हलकी!

रेम्ट तिथेच थांबला. बांधावर रेतीची पोती रचण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ओलं पोतं किती आणि कोरडं किती, हे त्याच्या पाठीला ठाऊक होतं. त्यासाठी त्याला बव्हेरियाची गरज नव्हती. त्याने मातीत बोट खुपसलं. वाळकी भुकटी. वात ओढून पाहिली, चामड्यासारखी ताठ.

"आयलर्ट!" तो जिन्यावरून ओरडला. "आयलर्ट, गाढवा, ती तहानलीयत! पाणी काढायचं नव्हतं! ते साचलेलं नव्हतं, ते वाढून ठेवलेलं होतं!"

आयलर्ट खाली चहा घेत होता. त्याने तिसऱ्या कपाची वाट न बघता दुसऱ्या कपानंतरच चमचा कपात ठेवला. त्या मुलखात हे असं कुणी घरातला माणूस गेला तरच करतं.

आता सुरू झाली खरी धावपळ. आधी भोकं बुजवायची. गोंद वाळायला एक दिवस लागतो, तेवढा वेळ कुणाकडे होता? रेम्टने ओक्काच्या सायकलची पंक्चरची डबी फोडली. भांडी पुसून कोरडी केली, भोकांच्या कडा काचपेपरने घासल्या, सोल्युशन लावलं, फुंकर मारली, रबरी ठिगळ दाबून धरलं. सहा भोकं, सहा ठिगळं. आयलर्ट घड्याळ धरून सेकंद मोजत होता आणि दर दहा सेकंदांनी "दाब, दाब!" म्हणत होता. पाणी भरलं. एक थेंबही गळला नाही. दोघंही ओरडले.

मग पिंपाची तोटी उघडली. भांडी भरली आणि पुढे काहीच झालं नाही. अर्धा तास गेला, वातीचं टोकच तेवढं ओलं.

"चढत का नाहीये?" आयलर्टचा आवाज रडवेला झाला होता.

रेम्ट विचार करत होता. पंपात हवा भरली की तो नुसताच घरघरतो. मग वरून पाणी ओतून एकदा नळी भरायची, की लागतो ओढायला. मातीचंही तसंच असणार. एकदा वरून भिजली तरच ती खालचं पाणी धरेल.

"वरून घालायचं."

"कागदावर लिहिलंय, वरून घालू नकोस!"

"कागदावर हेही लिहिलं होतं की हात लावू नकोस!"

वाळलेली माती पाणी पीत नाही, कडेने वाहू देते. म्हणून हळूहळू, थेंबाथेंबाने घालायला हवं होतं. हाताशी बारीक चोचीची एकच वस्तू होती: चहाची किटली, ओक्काच्या आईची, लाल गुलाबाची. एक किटली रेम्टकडे, दुसरी आयलर्टने घरून आणली. दोन म्हातारे गुडघ्यांवर बसून तीन झाडांना किटलीने पाजत होते, सावकाश, एकेक घोट, आणि मध्ये मध्ये वातीवरही धार धरत होते. पाठी मोडून आल्या.

चारच्या सुमारास आयलर्ट म्हणाला, "रेम्ट. ते पान मघाशी तिथं नव्हतं."

"कुठलं?"

"ते. आडवं झालंय. मघाशी लोंबत होतं."

दोघे टक लावून बघत बसले. पान हलताना दिसत नव्हतं, पण नजर दुसरीकडे नेऊन परत आणली की बोटभर वर आलेलं असायचं. मग त्याच्या शेजारचं. मग डावीकडचं अख्खं झाड जणू खांदे सरळ करायला लागलं. साडेपाचला मधल्यानेही मान उचलली. आणि मग ते घडलं ज्याची वाट होती: भांड्यातली लाल गुंडी, जी पाण्याची पातळी दाखवायची, ती किंचित खाली सरकली. झडप टक्‌ करून उघडली. पिंपातून नळीत बुडबुडा आला.

"प्यायलं!" आयलर्ट किंचाळला. "स्वतःहून प्यायलं रे!"

रेम्टने त्याला मिठी मारली. अडतीस वर्षं एकत्र काम करून त्यांनी हे कधी केलं नव्हतं. आनंदाने त्याला काय करू नि काय नको झालं. आयुष्यभर जमिनीने किती पाणी ठेवायचं ते त्याने ठरवलं होतं. इथे झाड ठरवत होतं, आणि त्याला फक्त पिंप भरायचं होतं. इतकं सोपं काम इतकं अवघड असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

पुढचे दिवस सणासारखे गेले. रोज सकाळी सातला दिवा लागला की दोघे स्टुलांवर हजर. भिंतीवर तक्ता लागला: पातळी, वेळ, किती प्यायलं. "मधलं आज दीड लिटर!" आयलर्ट बेकरीतही सांगत सुटला. तुरे फुगत गेले, चिकट होत गेले, वास जिन्यापर्यंत उतरला. मधल्या झाडाची खालची सात पानं मात्र गेली ती गेलीच.

ओक्का परत आली, कोटही न काढता वर गेली. रेम्ट जिन्याच्या तळाशी उभा होता.

"रेम्ट! माझी सायकलची ठिगळं इथं काय करतायत?"

त्याने सगळं सांगितलं. ड्रिलपासून. फोनवर काय बोलला तेही. ऐकता ऐकता ती जिन्याच्या वरच्याच पायरीवर बसली. तो म्हणाला, "तुझा हिवाळा मी बुडवला होता, ओक्का. थोडक्यात वाचला."

"अडतीस वर्षं पाणी काढलंस," ती म्हणाली, "एकवीस दिवस दम निघाला नाही?"

"चारच दिवस काढलं. सतरा दिवस घातलं."

तिला हसू आवरेना. हसता हसता तिने बरगडी दाबून धरली, तरीही हसत राहिली.

झाडं कापली, सावलीत टांगून वाळवली. लोणी कढवून त्यात तुऱ्यांचा अर्क उतरवला आणि ओक्काने त्याची नखाएवढी बिस्किटं केली. आयलर्टने हात पुढे केला तर तिने डबा मागे घेतला. "घरचं दुसऱ्याला द्यायचं नाही, असा कायदा आहे."

"अगं, मी त्यांना किटलीनं पाजलंय!"

"मग दूधभाऊ आहेस त्यांचा. दूधभाऊ खात नसतात."

त्या रात्री तिने एक बिस्कीट खाल्लं. रेम्टला अंथरुणावर पडल्या पडल्या डोळा लागला आणि त्याने उघडला तो उजाडल्यावर. खिडकीत पुरतं ऊन होतं. त्याने सवयीने शेजारी हात नेला; तिथे रोज गार चादर असायची. आज हात ऊबदार खांद्याला लागला. ओक्का तोंड उघडं टाकून, चक्क घोरत होती. घड्याळात साडेआठ.

तो बोटांवर चालत खाली आला. नेहमीप्रमाणे नऊला आयलर्ट आला आणि त्याने घंटीकडे हात नेला, तोच रेम्टने आतून दार उघडून त्याचं मनगट पकडलं.

"काय झालं?"

"झोपलीय," रेम्ट कुजबुजला.

"कधीपासून?"

"रात्री साडेदहापासून."

आयलर्टने बोटांवर तास मोजले, मग पुन्हा एकदा मोजले, जोडे काढून ठेवले, आणि मग दोघं म्हातारे पायमोज्यांवर, ओल्या गवतात, तोंडातून अवाक्षर न काढता नाचायला लागले.