नळीचे दुसरे टोक

एक रबरी नळी आहे असे समजा. बागेला पाणी घालतो तसलीच, पण हातभर लांबीची. तिचे एक टोक कानाशी धरा आणि दुसरे चालू इंजिनावर हवा ओढणाऱ्या एका तोंडाशी न्या. काय ऐकू येते? गरम रस्सा कोणी ओठ आवळून ओढावा, तसा सूंऽ असा आवाज. आता नळी शेजारच्या दुसऱ्या तोंडाशी न्या. दोन्ही आवाज सारखेच आहेत का? की एक जरा मोठा आहे? घाई करू नका, नीट ऐका. कारण त्या रविवारी सकाळी जपानमधल्या वातारासे नदीच्या बांधावर किहाचीआजोबा नेमके हेच करत होते.

"झालं. आता एकदम बरोबर," असे म्हणून ते ताठ उभे राहिले.

गाडीला मात्र ते पटलेले दिसत नव्हते. ती जागच्या जागी थडथडत होती आणि तिच्या मडगार्डवर ठेवलेला पाना नाचत नाचत खाली पडला.

"बरोबर?" कोगुरेआजोबा गवतावर बसल्या बसल्या म्हणाले. ते तातामीच्या चटया शिवत आणि किहाचीआजोबांची थट्टा करत. दोन्ही कामे त्यांनी लहानपणापासून केली होती. "अरे, हुडहुडी भरलीय तिला. पांघरूण आणू का?"

"पेट्रोल खराब आलंय."

"मागच्या रविवारी प्लग खराब होते. त्याच्या आधी वॉशर. पुढच्या रविवारी नदी खराब निघेल."

"तू चहा पी."

किहाचीआजोबांची नात नाझुना गाडीच्या मागे उभी राहून हे ऐकत होती. तिला सर्दी झाली होती म्हणून तोंडावर मास्क होता. ती काहीतरी म्हणाली.

"काय पुटपुटतेस? हल्लीची मुलं शब्द चावूनच खातात," आजोबा म्हणाले.

गाडी दोन माणसांपुरती होती, बुटकी, डाळिंबी रंगाची. आजोबा किर्यू गावातल्या एका विणकरखान्यात माग दुरुस्त करायला लागले तेव्हा ती नवी कोरी होती. मालकाच्या मुलाने ती हौसेने घेतली आणि कंटाळून मागच्या शेडमध्ये टाकली. पुढे कारखानाच बंद पडला. मालकाने जुन्या माणसांना विचारले, तुम्हाला आठवण म्हणून काय देऊ? कोणी घड्याळ मागितले, कोणी रेशमाचा तागा. आजोबा म्हणाले, "ती गाडी. आणि ती ठेवायला तेवढीच शेड."

तळाचा पत्रा इतका गंजला होता, की सीटवर बसल्यावर पायांखालची जमीन दिसे. आजोबांनी सडका भाग कापून काढला, वाळूच्या पोत्यावर नवा पत्रा ठोकून ठोकून वळवला आणि जोडला. शेडचे छप्पर करवतीच्या दातांसारखे होते, त्यातल्या काचांतून उत्तरेचा उजेड यायचा. पूर्वी त्या उजेडात बायका रेशमाचे रंग जुळवत. आजोबांनी त्याच उजेडात डाळिंबी रंग जुळवला. सीटचे निळे कापड त्यांच्या बायकोने, योशिएआजींनी, स्वतः विणले. नवा सुटा भाग मिळाला नाही, तर आजोबा जुना दुरुस्त करत. तो दुरुस्त होईना, तर घडवत.

दर रविवारी सकाळी दोघे म्हातारे ती गाडी ढकलत बांधावर आणत. गल्लीत इंजिन सुरू करणे म्हणजे शेजाऱ्यांच्या उशाशी ढोल बडवणे. घरी जातानाही ती ढकलतच न्यायची, कारण कोपऱ्यावरच्या घरात रात्रपाळी करून आलेली नर्स झोपलेली असे. किहाचीआजोबा उघड्या दाराशी उभे राहून एका हाताने स्टिअरिंग सांभाळत, कोगुरेआजोबा मागून रेटत आणि वाटेतल्या प्रत्येकाला सांगत, "बैल म्हातारा झालाय हो, आता गाडीवानच ओढतो."

पण या शरद ऋतूत थट्टेत थोडी काळजी मिसळली होती. नववर्षाच्या दिवशी किहाचीआजोबांनी कोगुरेंसमोर शब्द दिला होता. "ज्या दिवशी हिचा श्वास मला ऐकू येणार नाही, त्या दिवशी हिला देऊन टाकीन. वेडंवाकडं चालवून हिची अब्रू घालवणार नाही." ताकासाकीच्या एका संग्रहालयातला माणूस कधीपासून ती मागतच होता. तिथे ती काचेमागे राहिली असती, चकचकीत आणि गप्प. पुढच्या रविवारी गावात जुन्या गाड्यांची फेरी होती आणि तो माणूस फेरी बघायला येणार होता.

आजोबा पुन्हा वाकले. नळी कानाशी, स्क्रू किंचित डावीकडे. थडथड वाढली.

नाझुना जवळ आली आणि मास्कच्या आतून मोठ्याने म्हणाली, "आजोबा, पुढचं तोंड जास्त आवाज करतंय!"

आजोबांनी मान वर केली नाही.

"आजोबा!"

काहीच नाही. ते दोन हातांवर तर होते.

नाझुना विचार करू लागली. घरी आजी आजोबांशी बोलण्याआधी त्यांच्या खांद्याला हात लावायची. ते वळायचे, मगच आजी बोलायची. नाझुनाला ती आजीची माया वाटे. आजीने तिला एक खेळही शिकवला होता. विणकरखान्यात मागांचा एवढा खडखडाट असायचा, की कोणाला कोणाचे ऐकू येत नसे. म्हणून सगळे ओठ मोठे हलवून, आवाज न काढता बोलत आणि एकमेकांचे ओठ वाचत. नाझुना आणि आजी जेवताना तसे बोलत आणि आजोबांना मधूनच हसू फुटे, कारण ते पलीकडून सगळे वाचत असत.

नाझुना गाडीला वळसा घालून आजोबांच्या समोर गेली. तिने मास्क हनुवटीखाली ओढला, त्यांच्या बाहीला हात लावला आणि ते बघताच ओठ हलवले. आवाज मात्र अजिबात काढला नाही.

"ऐकू येत असतं तर कधीच कळलं असतं म्हणे!" आजोबा उसळून म्हणाले. "कोण म्हणतं मला ऐकू येत नाही? स्पष्ट तर ऐकलं आत्ता!"

कोगुरेआजोबांच्या हातातला चहा तसाच राहिला.

"किहाची," ते हळूच म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आले, म्हणून उठून समोर आले. "किहाची, पोरगी काही बोललीच नाही रे. नुसते ओठ हलवले तिने."

आजोबांनी नाझुनाकडे बघितले. तिने होकारार्थी मान हलवली. मग त्यांनी हातातल्या नळीकडे बघितले. मागांच्या खडखडाटाने किती वर्षांपूर्वी तो बारीक सूंऽ त्यांच्या कानांतून उचलून नेला होता कोण जाणे. ओठ वाचणाऱ्यांच्या घरात राहून त्यांना त्याचा पत्ताच लागला नव्हता. इंजिन थडथडत होते.

आजोबांनी खोकून गळा साफ केला.

"ये इकडे," ते म्हणाले. "नळी धर. कानात खुपसू नको, नुसती टेकव. आता हे पुढचं तोंड. ऐकलंस? हा आवाज लक्षात ठेव. तोंडात गोळी ठेवतो तसा ठेव, चावायचा नाही. आता मागचं."

नाझुनाने डोळे मिटले. नळी पुढे नेली, मागे नेली, पुन्हा पुढे.

"मागचं झोपलंय," तिने डोळे उघडून, त्यांच्याकडे तोंड करून सांगितले. "पुढचं एकटंच काम करतंय."

"म्हणजे मी पुढच्याच्या कानीकपाळी ओरडत होतो आणि मागच्याला थोपटत होतो," आजोबा म्हणाले. त्यांनी दोन्ही तोंडांना एकत्र बांधणारा पट्टा सैल केला आणि पुढचा स्क्रू थोडा मागे घेतला. इंजिन दबले, विझायला आले. "घाबरू नको. मागच्याला जागं करतोय. तू ऐक आणि मला सांग."

"अजून," नाझुनाचे ओठ म्हणाले. "अजून. थोडंच. जास्त झालं. मागे. आता... आता दोघं सारखंच पितायत!"

आजोबांना ते सांगावेच लागले नाही. त्यांचा डावा तळवा मडगार्डवर होता आणि तळव्याखालची थडथड विरघळून गेली होती. त्यांनी पट्टा आवळला, खाली पडलेला पाना उचलला आणि इंजिनाच्या झाकणावर ठेवला. पाना हलला नाही. कोगुरेआजोबांनी आपला भरलेला कपही त्याच्या शेजारी ठेवला. चहावर बारीकशी नक्षी उठली, पण सांडले काही नाही.

"हात अजून चांगले आहेत तुझे," कोगुरेआजोबा म्हणाले. मग जरा थांबून, "पण त्या शब्दाचं काय? मला विसरायला सांगशील तर विसरतो. माझं वयच आहे विसरायचं."

"दिलेला शब्द कोणी विसरतं का?" किहाचीआजोबांनी इंजिन बंद केले. "श्वास मला ऐकू येत नाही, म्हणजे गाडी द्यायची. दिली. जिला ऐकू येतो तिला दिली."

"ती चौथीत आहे!"

"मग शिकायला भरपूर वेळ आहे. तोवर मी चालवीन, ती ऐकेल. संग्रहालयवाल्याला फेरीत येऊ दे. त्याला आमच्या मागून चालायला सांगू."

नळीचे एक टोक वर्षानुवर्षे कानाशी टेकून गुळगुळीत झाले होते. आजोबांनी ते फडक्याने पुसले. क्षणभर नळी तशीच हातात धरली. मग ती नाझुनाच्या गळ्यात अडकवली.

"घरी ही तेलकट नळी आजीच्या टेबलावर ठेवू नको," एवढेच ते म्हणाले.

गाडी परत ढकलत न्यायची वेळ झाली. कोगुरेआजोबा मागे गेले, किहाचीआजोबा दाराशी उभे राहिले. नाझुनाची जागा नेहमी मागे, कोगुरेआजोबांच्या शेजारी असे. पुढे गल्लीचे वळण होते, तिथून सायकली अचानक येत, आणि त्यांची घंटी आजोबांना ऐकू येणार नव्हती.

नाझुना मागे गेली नाही. तिने मास्क काढून खिशात टाकला, नाक बाहीला पुसले आणि धावत जाऊन गाडीच्या पुढे उभी राहिली. मग आजोबांना आपला चेहरा नीट दिसेल अशी वळली, आणि आवाज न काढता, ओठ मोठे हलवत, घरापर्यंतचा सगळा रस्ता उलटी चालत गेली.