अर्धा इंच

"बाबा, कंबरेला जरा सैल करून द्या. पोट नुसतं ढोलासारखं झालंय." शिंप्याच्या मुलीने पँट त्याच्या मशीनवर ठेवली. "गॅस आहे, दुसरं काही नाही. पंधरा दिवस ओवा खातेय."

शिंप्याने सवयीने पँट उलटी केली, शिवणीला कात्रीचं टोक लावलं, आणि त्याचा हात तिथेच थांबला.

त्याच्या घरात गॅसच्या बाबतीत शेवटचा शब्द बायकोचा असे. दिवसभर मशीनवर वाकून बसणाऱ्या माणसाचं पोट धड राहणार कसं? लग्न झाल्यापासून ती त्याला ओवा आणि मीठ चावायला लावायची, वर गरम पाणी पाजायची, हिंग कालवून बेंबीभोवती लावायची, जेवून लगेच बसला तर दंडाला धरून उठवायची. त्याची ढेकर ऐकू आली की आतून विचारायची, "मोकळं वाटलं?" तो हुंकार द्यायचा. आसपासच्या बायकाही पोट धरून तिच्याकडेच यायच्या. तिच्या औषधाचा गुण यायचा, हे खरं होतं. तिथेच घात झाला.

गेल्या वर्षी तिचं स्वतःचं पोट फुगलं. तिने ओवा घेतला, हिंग लावला, गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिली. मग ड्रेस काचतो म्हणाली. त्याने बाजूची शिवण उसवून आत दुमडलेलं कापड अर्धा इंच सोडलं. महिन्याभरात आणखी अर्धा. "बसून खाल्लं की असंच होतं," अशी चेष्टाही केली. तीही हसली. असं चार वेळा झालं. त्यातल्या दोन वेळा त्याच ड्रेसच्या बाह्या त्याने आत घेतल्या, कारण त्या दंडावर लोंबायला लागल्या होत्या. पोट सुटतंय आणि दंड सुकतोय, असं एखादं गिऱ्हाईक आलं असतं तर त्याने पहिल्या नजरेत ओळखलं असतं. पण बायकोला तो कधी टेप लावत नसे. मापांच्या वहीत तिचं पानच नव्हतं. तिचं माप माझ्या हाताला पाठ आहे, असं तो फुशारकीने सांगायचा.

तिला दम लागायला लागला तेव्हा कुठे दवाखाना गाठला. पोट कधीपासून वाढतंय, असं डॉक्टरांनी विचारलं.

"फारसं नाही वाढलं हो," ती म्हणाली. "कपडे तर तेच बसतायत."

शेजारच्या स्टुलावर बसलेल्या शिंप्याला मान वर करवली नाही. पोटात गाठ होती आणि पाणी भरलं होतं. ती पुढे सहा आठवडे जगली. त्याला तिने एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं त्याला अजून वाटे.

आता त्याने मुलीला उभं केलं. कंबर मोजली, मग दंड मोजला, आणि वहीतलं जुनं माप काढून ताडून पाहिलं. दंड होता तेवढाच होता. तरीही त्याने पँट तिच्या हातात परत दिली.

"आधी डॉक्टरला दाखव. मग सैल करतो."

गॅससाठी कोणी डॉक्टरकडे जातं का, असं म्हणून ती हसायला लागली. तो हसला नाही.

"तोपर्यंत घट्टच घाल," तो म्हणाला. "काचू दे. काचलं म्हणजे विसरणार नाहीस."

तिला कळलं. तिने पँटची घडी केली आणि ती निघून गेली.

तीन दिवस शिंप्याचं कामात लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाला त्याने दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. चौथ्या दिवशी दुपारी मुलगी आली. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. गॅसच निघाला होता, आणि डॉक्टरांनी हळू जेवायला आणि जेवून चालायला सांगितलं होतं. "एवढी फी घेऊन आईचंच औषध," ती म्हणाली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

शिंप्याने तिची पँट अर्धा इंच सैल करून दिली.

ती गेल्यावर त्याने मशीनमागच्या खुंटीवरचा बायकोचा तोच ड्रेस काढून उलटा केला. बाजूच्या शिवणीत आता सोडायला सुताएवढंही कापड उरलं नव्हतं. त्याने ड्रेस टेबलावर नीट पसरला, गळ्यातली टेप काढली, आणि वहीचं एक कोरं पान उघडून आधी दंडाचं माप लिहिलं, मग कंबरेचं.