गच्चीवर एका वेळी एकच

माळ्यावरून दोन जुने संगणक उतरवताना पोस्टमास्तरांच्या कमरेत उसण भरली, तरी गडी हट्टाला पेटलेला. पोस्टमास्तर हे नुसतं टोपणनाव बरं का. पोस्टात त्यांनी एक दिवससुद्धा नोकरी केली नाही. आधी टाइपरायटर दुरुस्त केले, मग संगणक.

“बाबा, खूळ लागलंय का तुम्हाला?” लेक म्हणाली. “आईसाठी बोलका टॅब आणलाय ना मी? लिहिलं की बोलतो.”

“कुणा परक्या बाईच्या आवाजात बोलतो. तिनं उशीखाली दाबलाय तो. शिडी धर.”

खरं होतं ते. अर्धांगाच्या झटक्यातून त्यांची बायको वाचली. डावा हात चालत होता, डोकं शाबूत होतं, पण शब्द बोबडे होऊन बाहेर यायचे. शेजारीण “काय म्हणालात? काय म्हणालात?” करून गेली, आणि हिनं तोंड मिटलं ते मिटलंच. जिच्या तोंडाचा पट्टा जन्मात थांबला नव्हता, ती भिंतीकडे वळून पडून राहायची. घर खायला उठायचं. तिनं एकदा काहीतरी बोलावं, एवढंच पोस्टमास्तरांना हवं होतं. शिवी दिली असती तरी त्यांनी पेढ्यासारखी गोड मानून घेतली असती.

इंटरनेट घरोघर यायच्या आधी त्यांनी मागच्या खोलीत ‘गच्ची’ चालवली होती. एक संगणक, एक टेलिफोन. लोक आपापल्या घरून संगणकानं फोन लावायचे, मॉडेम नावाची डबी किंचाळायची आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची. निरोप वाचायचे, ठेवायचे, निघायचे. लाइन एकच, म्हणून गच्चीवर एका वेळी एकच माणूस. बाकीचे एंगेजचा टोन ऐकत बसायचे, बिचारे. मालकाला मात्र आलेल्याशी थेट गप्पा मारता यायच्या.

नकाशे काढायच्या कचेरीतली एक मुलगी ‘टाचणी’ नावानं यायची. तिचं अक्षर न् अक्षर टाइप होताक्षणी इकडे दिसायचं, खोडलेलंसुद्धा. ‘तुम्ही फार’ लिहायची, पुसायची, आणि मग ‘आज उकडतंय’ लिहायची. पोस्टमास्तर त्या पुसलेल्या शब्दांच्याच प्रेमात पडले, झालं! चेहरा पुढे कधीतरी पाहिला. तोवर लग्न मनात ठरूनही गेलं होतं.

लेक कामावर गेल्यावर त्यांनी एक संगणक पलंगाशी मांडला, दुसरा बाहेरच्या खोलीत, आणि मधे टेलिफोनची वायर टाकली. मॉडेम किंचाळले. आत पलंग कुरकुरला. ती वळली होती.

‘या गच्चीवर,’ त्यांनी लिहिलं.

काहीच आलं नाही. पंखा घरघरत होता. खिडकीचे पडदे ओढलेले, आणि त्या हिरव्या उजेडात आपण कुठल्या सालात बसलोय तेच पोस्टमास्तरांना उमगेना. आत कचेरीतून दमून आलेली मुलगी बसलीय, आपले केस काळे आहेत, फोन कुणी मधेच उचलू नये म्हणजे मिळवली, असलं काहीबाही मनात येत राहिलं. डोळा लागणार एवढ्यात एक अक्षर आलं.

‘मी अशीच राहिले तर’ — आणि एकेक अक्षर मागे गेलं. ‘तुला कंटाळा’ — तेही पुसलं. पोस्टमास्तरांचा जीव टांगणीला लागला. इकडे सगळं दिसतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

‘माझं बोलणं ऐकून तुला लाज वाटते का?’

हे तिनं पुसलं नाही.

‘वेडी’ लिहायला गेले तर बोटं भलत्याच कळांवर पडायला लागली. ते ताडकन उठले, वायरीत पाय अडकला, आणि गच्ची बंद पडली. “जाऊ दे तिच्यायला!” म्हणत ते आत गेले आणि पलंगाच्या कडेला बसले.

“तोंडानं बोल,” ते म्हणाले. “मला कळेपर्यंत मी विचारणार. तू चिड हवी तेवढी.”

तिच्या वाकड्या ओठांतून काहीतरी आलं.

“काय?”

तिनं पुन्हा म्हटलं.

“पाणी हवंय?”

तिनं डोळे वटारले. हनुवटीवरची लाळ डाव्या हातानं पुसली, आणि एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, “तू… का… गप्प… झालास?”

इतके दिवस आपण तिच्याशी गोळ्या, पाणी आणि ‘झोप आता’ यापलीकडे एक शब्द बोललो नाही, हे पोस्टमास्तरांना आत्ता कळलं. त्यांना रडू फुटलं. मग नाक पुसून, कुठून सुरुवात करावी ते न सुचून, त्यांनी शेजारणीच्या नव्या चष्म्यापासून बोलायला सुरुवात केली.