तातेरावांवरचा ठराव

अविश्वास हा शब्द आमच्या गावात एरवी कुणी वापरत नाही. रोजच्या व्यवहाराला ‘भरोसा न्हाई’ एवढं पुरतं. अविश्वास निघतो तो फक्त ठराव आणायचा असला की, आणि यंदा तो सर्जेरावांनी उपसरपंच तातेरावांवर आणला. कारण म्हणून नळाचं पाणी, गटारं असं बरंच लिहिलं होतं. खरं कारण खुर्ची. तिच्यावर सर्जेरावांचा कधीपासून डोळा होता.

ठरावाला नऊपैकी सहा मतं लागत होती. सर्जेराव धरून बराबर सहाच जण जमले. एक फुटला की खेळ खलास! म्हणून त्यांनी पाचही मेंबरांना गाडीत घालून देवदर्शनाला नेलं. फोन काढून घेतले, बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. तरी माणसाचा जीव थाऱ्यावर नाही. कुणी लघवीला उठलं की हे मागोमाग हजर.

“भरोसा न्हाई तं आमच्या सह्या कशाला घेतल्या?” मच्छिंद्र वैतागला.

“भरोसा हाय ना. म्हणून तं सोबत येऊन राह्यलो.”

सभेच्या दिवशी गाडी थेट ग्रामपंचायतीसमोर थांबली. मतदान गुप्त घ्यायचं का, असं तहसीलदारांनी विचारलं.

“बिलकुल न्हाई!” सर्जेराव ओरडले. “हात वर करून घ्या. समद्यांना दिसू द्या.”

तहसीलदारांनी ठरावाच्या बाजूचे हात वर करायला सांगितलं. सर्जेराव गर्रकन मागे वळले. चार हात वर गेले होते, मच्छिंद्रचा मात्र अर्ध्यातच अडकला होता. सर्जेरावांनी झेप घेतली आणि दोन्ही हातांनी त्याचं कोपर वर रेटून धरलं.

“अहो, खांदा आखडलाय माझा! करून राह्यलो ना वर!” मच्छिंद्र कळवळला.

तहसीलदारांनी मोजलं. परत मोजलं.

“पाच. ठराव फेटाळला.”

“साहेब, मी? माझं मत?”

“तुमचा हात वर नव्हता. तुम्ही ह्यांचं कोपर धरून उभे होतात.”

तातेराव हार घेऊनच आले आणि तो सर्जेरावांच्या गळ्यात घातला. “ऐन वक्ताला धावून आले, भाऊ!” पाचही मेंबर बघत राहिले. सर्जेराव चौकात पोचायच्या आधी बातमी पोचली होती की सर्जेराव फुटले.

घरी त्यांनी बायकोला, द्वारकाबाईंना सगळं खरं खरं सांगितलं, कोपरासकट. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, दार लोटलं आणि जवळ येऊन बसल्या.

“हे लोकायला सांगा,” त्या हळूच म्हणाल्या. “मला सांगा, किती घेतले?”